शिष्यवृत्ती : कार्यालयाची जबाबदारी की वर्गाची?

नव्या शैक्षणिक वर्षास आरंभ झाला की आमच्या घरांतून दोन चिंता एकदमच प्रवेश करतात. मुलास अथवा मुलीस महाविद्यालयात जागा मिळेल की नाही, ही पहिली. आणि मिळालेली जागा वर्षअखेरपर्यंत टिकेल की नाही, ही दुसरी. पहिल्या चिंतेचा निकाल गुणपत्रिका लावते. दुसरीचा निकाल मात्र पुष्कळदा एखाद्या दाखल्याच्या, एखाद्या शिक्क्याच्या, किंवा कोठेतरी पडून राहिलेल्या अर्जाच्या हाती असतो. शिष्यवृत्ती मंजूर आहे परंतु मिळालेली नाही, हे वाक्य आमच्या विद्यार्थ्यांच्या इतके परिचयाचे झाले आहे की त्यातील अन्याय आता कोणाच्या ध्यानातही येत नाही.

विद्यार्थी महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारावयास जातो, तेव्हा त्यास सांगण्यात येते की अर्ज वर पाठविला आहे. समाजकल्याण कार्यालयात जावे तर उत्तर मिळते की अर्ज महाविद्यालयाकडेच अडला आहे. प्राध्यापकांस विचारावे तर ते म्हणतात, हे आमचे काम नव्हे, कार्यालयात जा. प्राचार्यांची भेट घ्यावी तर ते शासनाकडे बोट दाखवितात. असे चार दरवाजे ठोठावून झाल्यावर विद्यार्थी पाचव्या दरवाज्याकडे वळतो, आणि तो दरवाजा मजुरीचा असतो. हजेरीपटावरील त्याचे नाव काही दिवस तसेच राहते, मग त्यावर लाल रेघ पडते. त्याला शिक्षणातून कोणी काढले, असा प्रश्न केला तर एकही माणूस पुढे येत नाही. कारण प्रत्येकाने आपापले काम नियमानुसार केलेले असते!

या लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. विद्यार्थ्यास मिळणारे अर्थसाहाय्य हे महाविद्यालयातील नेमके कोणाचे कर्तव्य आहे? लिपिकाचे, प्राध्यापकाचे, की प्राचार्याचे? आमचे उत्तर असे की, ते सर्वांचे आहे. परंतु 'सर्वांचे' म्हणजे 'कोणाचेच नाही' असा अर्थ होऊ द्यावयाचा नसेल, तर प्रत्येकाचा वाटा वेगळा काढून दाखविला पाहिजे.

प्रथम ही शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे स्वच्छ समजून घेतले पाहिजे. ती भिक्षा नव्हे आणि कोणाची मेहेरबानीही नव्हे. सरकारकडून मिळणाऱ्या या साहाय्याचा उगम पूज्य बाबासाहेबांच्या एका निवेदनात आहे. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांसंबंधी सरकारला निवेदन सादर केले आणि उच्च शिक्षणासाठी द्रव्यसाहाय्याची मागणी केली. त्यातून वार्षिक तीन लक्ष रुपयांची तरतूद झाली व १९४४ सालापासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. आज ज्या योजनेचा अर्ज आमची मुले भरतात ती हीच. तिच्याही पूर्वी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे साक्ष देताना महात्मा जोतीराव फुले यांनी दाखवून दिले होते की, चढाओढीने दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्या आधीच शिकलेल्या वर्गांच्याच हाती जातात. यास्तव ज्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार झालेला नाही त्यांस त्या दिल्या पाहिजेत. म्हणजे हा हक्क शे-सव्वाशे वर्षांच्या झगड्याने मिळविलेला आहे. तो मागण्यासाठी खिडकीपुढे मान खाली घालून उभे राहण्याचे कोणासही कारण नाही.

बाबासाहेबांचे स्वतःचे विद्यार्थिजीवन या बाबतीत आपणास दोन धडे देते. पहिला धडा शिक्षकाच्या कर्तव्याचा आहे. वडिलांची ऐपत संपल्यामुळे भीमरावांचे महाविद्यालयीन शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांस सयाजीराव महाराजांकडे नेले, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. वस्तुतः भीमराव हे केळुसकरांच्या शाळेचे विद्यार्थी नव्हते. हे माझे काम नव्हे, असे म्हणून गुरुजी मोकळे होऊ शकले असते. ते तसे म्हणाले नाहीत. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रोफेसर मुल्लर यांनी त्यांस पुस्तके दिली, अंगावर घालावयास कपडेही दिले. शिक्षणाचा खर्च केवळ फी भरून भागत नाही, हे त्या अध्यापकास समजले होते.

दुसरा धडा वेळेचा आहे. १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेस गेले. पुढे लंडनमधील अभ्यास चालू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ साली तो अभ्यास अर्धाच टाकून त्यांस परत यावे लागले. १९२० साली सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकलेले पैसे, शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. असामान्य बुद्धीच्या आणि निग्रहाच्या पुरुषाचीही पैशाअभावी तीन वर्षे गेली. मग सामान्य शक्तीच्या मुलाचे काय होत असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा. उशिरा मिळणारी मदत ही पुष्कळदा न मिळालेल्या मदतीइतकीच असते.

नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मनात या ठिकाणी एक शंका येते, तिचे निरसन करणे आम्ही अवश्य समजतो. धर्मांतरामुळे मुलांची शिष्यवृत्ती बुडेल काय? एके काळी हे भय खरे होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांस नव्हत्या; त्यामुळे १९५६ नंतर धर्मांतरितांच्या मुलांनी केंद्राच्या सवलती गमावल्या. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यानंतर १९६० साली राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांस लागू केल्या. तथापि केंद्राचे दार उघडावयास १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांचा समावेश केला. तेव्हापासून धर्म बौद्ध आहे या कारणास्तव कोणत्याही महाविद्यालयास आमच्या मुलाचा अर्ज नाकारता येत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही सवलत अनुसूचीच्या आधारे मिळते; म्हणून धर्माच्या रकान्यात बौद्ध अशी नोंद अभिमानाने करावी, परंतु सक्षम अधिकाऱ्याचा जातीचा दाखला अनुसूचीतील मूळ जातीच्या उल्लेखासह जवळ असलाच पाहिजे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नोंद आणि जातीच्या दाखल्यावर दुसरी, अशी विसंगती दिसली की अननुभवी लिपिक गोंधळतो, आणि त्याच्या गोंधळाची शिक्षा विद्यार्थ्यास भोगावी लागते.

आता आजची स्थिती पाहू. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लक्ष रुपयांपर्यंत असेल तर विद्यार्थ्याची परत न मिळणारी फी आणि शिवाय निर्वाहभत्ता या योजनेतून मिळतो. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खर्चाची वाटणी केंद्राची ६० टक्के व राज्याची ४० टक्के अशी ठरविली, आणि पाच वर्षांसाठी एकूण ५९,०४८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आकडा मोठा आहे. परंतु हाच आकडा एका विद्यार्थ्याच्या हाती किती होऊन येतो? त्या वेळच्या दरांप्रमाणे घरून ये-जा करणाऱ्या बी. ए.च्या विद्यार्थ्यास वर्षाचा निर्वाहभत्ता ३,००० रुपये, म्हणजे दरमहा २५० रुपये. वसतिगृहात राहून अभियांत्रिकी अथवा वैद्यकाची पदवी घेणाऱ्यास वर्षाला १३,५०० रुपये. इतक्या तुटपुंज्या रकमेतून कोणी चैन करीत नाही. तीही वेळेवर न मिळाली तर एस. टी.चा पास आणि खानावळीचे बिल थकते, हे सांगण्यास अर्थशास्त्राचा ग्रंथ लागत नाही. शासकीय वसतिगृहात ज्यांस जागा मिळत नाही अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची, बाबासाहेबांच्याच नावे असलेली, स्वाधार योजनाही आहे. पण ती आहे हेच पुष्कळ घरांस ठाऊक नसते.

महाराष्ट्रात हा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावयाचा असतो. विद्यार्थ्याने भरलेला अर्ज प्रथम महाविद्यालयाच्या लिपिकाकडे जातो, त्याने तपासल्यावर प्राचार्यांकडे, आणि त्यांनी मान्य केल्यावर समाजकल्याण खात्याच्या जिल्हा कार्यालयाकडे. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. कागदावर ही व्यवस्था सरळ दिसते. व्यवहारात ती चार ठिकाणी अडते. दाखल्यांवरील नावात एका अक्षराचा फरक असतो. उत्पन्नाचा दाखला जुना असतो. बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसते. आणि त्रुटी दाखवून परत पाठविलेल्या अर्जाची सूचना विद्यार्थ्याच्या नजरेसच पडत नाही. ज्या मराठवाड्यातील शेकडो गावांतून दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात जातात, तेथील मुलाने तहसील कार्यालयाचा दाखला कोणाच्या सहीने आणावा? ही अडचण संकेतस्थळास कळत नाही. ती माणसालाच कळू शकते, आणि म्हणूनच महाविद्यालयात ती जाणणारी माणसे असली पाहिजेत.

कार्यालयातील सेवकवर्गाचा वाटा येथे सुरू होतो. विद्यार्थ्याचे कागद समक्ष तपासणे, चूक असल्यास ती मुदत संपण्यापूर्वी त्यास स्पष्ट शब्दांत व शक्य तर लेखी सांगणे, परत आलेल्या अर्जांची यादी दर आठवड्यास काढणे, आणि अर्ज आपल्याकडे एक दिवसही विनाकारण पडू न देणे, हे त्याचे कर्तव्य होय. याबरोबरच वागणुकीचाही प्रश्न आहे. 'बी. सी.ची मुले उद्या या,' अशी हाक आजही कित्येक कार्यालयांतून ऐकू येते. घटनेने दिलेल्या हक्काची ही भाषा नव्हे. पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेली मुलगी अशा एका हाकेने परत फिरते आणि पुन्हा त्या खिडकीकडे जात नाही. तिचा अर्ज तिने भरलाच नाही, एवढीच नोंद दप्तरी राहते.

लिपिकावर सर्व दोष टाकून आम्हास मोकळे व्हावयाचे नाही. अनेक ठिकाणी शेकडो अर्जांचे काम एकाच माणसावर असते, रिक्त जागा भरल्या जात नाहीत, संकेतस्थळ ऐन मुदतीत बंद पडते. असा माणूस थकतो आणि थकलेला माणूस चिडतो. म्हणूनच हे काम केवळ कार्यालयाचे मानणे चुकीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्राध्यापकवर्गाचा वाटा कोणता? प्राध्यापकाने अर्ज भरीत बसावे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु विद्यार्थ्यास रोज पाहणारा महाविद्यालयातील माणूस तोच आहे. तीन आठवडे बाकावर न दिसलेला विद्यार्थी आळशी आहे की अडचणीत आहे, हे तोच विचारू शकतो. शिष्यवृत्तीस नियमित हजेरीची अट असते, आणि हजेरीपट प्राध्यापकाच्या हाती असतो. तेव्हा अनुपस्थितीचा शेरा लिहिण्यापूर्वी कारण विचारणे हे केवळ दयाळूपणाचे काम नव्हे, तर त्याच्या कामाचाच भाग आहे. वर्षारंभी पहिल्याच आठवड्यात दहा मिनिटे काढून वर्गापुढे योजनांची नावे, मुदती व लागणारे कागद सांगणे, परीक्षेचा निकाल व प्रमाणपत्रे वेळेवर देणे, महागडी पुस्तके व सहलींचा खर्च ठरविताना वर्गातील सर्वात गरीब विद्यार्थ्याचा विचार करणे, ही कामे कोणता लिपिक करू शकेल? बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांस यावयास सापडावे म्हणून सकाळचे वर्ग ठेविले. वर्गाचे वेळापत्रक हेदेखील गरीब विद्यार्थ्यास दिलेले साहाय्य असू शकते, हे त्यावरून दिसून येते.

यावर प्राध्यापकांकडून एक आक्षेप घेतला जाईल. आम्ही ज्ञान द्यावयाचे, पैशाचा हिशेब आमच्याकडे कशाला? शिवाय आज कितीतरी अध्यापक तासिका तत्त्वावर, अनिश्चित वेतनावर काम करतात. त्यांच्यावर आणखी भार का? या आक्षेपाचा उत्तरार्ध खरा आहे, आणि तात्पुरत्या अध्यापकांवर हे काम लादून कायम नेमणुकीच्या मंडळींनी अंग काढून घेऊ नये, असेच आम्ही म्हणू. पूर्वार्ध मात्र आम्हास मान्य नाही. ज्याला ज्ञान द्यावयाचे तोच वर्गातून नाहीसा झाला, तर ज्ञान कोणास देणार?

प्राचार्य व संस्थाचालक यांचा वाटा सर्वात मोठा, कारण अधिकार त्यांच्याकडे आहे. शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळीच सगळी फी मागणे, ती न भरल्यास परीक्षेचे प्रवेशपत्र अडविणे, मूळ कागदपत्रे ठेवून घेणे, हे प्रकार त्यांच्या संमतीवाचून घडत नाहीत. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्टपणे कळविले आहे. शासनाकडून रक्कम येण्यास विलंब झाला तर संस्थेची ओढाताण होते, हे आम्ही जाणतो. परंतु शासन आणि संस्था यांच्या व्यवहारातील थकबाकी विद्यार्थ्याच्या मानेवर बसवून वसूल करणे हा कोणता न्याय? संस्थेने शासनाशी भांडावे. त्या भांडणात विद्यार्थ्यास ओलीस ठेवू नये.

येथे एका कटू गोष्टीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. गेल्या दशकात आपल्या राज्यात काही संस्थांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या पैशाचा अपहार केल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की शासनास विशेष तपास पथक नेमावे लागले. नंतर तपासणी कडक झाली, ती होणे योग्यच होते. पण त्या कडकपणाचा जाच अपहार करणाऱ्यांपेक्षा प्रामाणिक विद्यार्थ्यासच अधिक झाला. प्रत्येक अर्ज संशयाने पाहण्याची सवय लागली. कागद काटेकोर तपासावे, पण माणसावर संशय घेऊ नये, ही शिस्त कार्यालयात आणणे प्राचार्यांच्या हाती आहे.

या साऱ्याची किंमत किती मोठी असू शकते, हे देशाने एकदा पाहिले आहे. हैद्राबादच्या केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने १७ जानेवारी २०१६ रोजी जगाचा निरोप घेतला. त्याच्या अखेरच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या विद्यावेतनाचा हिशेब आहे, आणि ते आपल्या कुटुंबास मिळावे अशी विनंती आहे. त्याच्या मरणाची कारणे अनेक होती, त्यांची चर्चा देशभर झाली. परंतु मरणाच्या दारातही ज्याला थकलेल्या रकमेचा आकडा लिहावा लागला, त्याच्या बाबतीत विद्यापीठातील प्रत्येक टेबलाने स्वतःला प्रश्न विचारावयास हवा होता.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयात शिष्यवृत्तीसाठी एक छोटी समिती असावी; तीत कार्यालयातील एक जाणता सेवक, प्रत्येक शाखेचा एक प्राध्यापक, वसतिगृहाचा अधीक्षक आणि विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी असावा. अर्जांची मुदत चालू असेतोवर तिने दर आठवड्यास बसावे, कोणाचा अर्ज कोठे व का अडला हे पाहावे, आणि त्या अर्जाचा पाठपुरावा कोण करणार त्याचे नाव तेथेच लिहावे. नाव लिहिलेले काम होते. नाव नसलेले काम फक्त पुढे ढकलले जाते. प्राचार्यांनी वर्षअखेरीस किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले गेले आणि किती विद्यार्थी शिक्षण सोडून गेले, हे फलकावर लावावे. यास शासनाच्या नव्या हुकमाची वा नव्या अनुदानाची आवश्यकता नाही.

आता दोन शब्द आमच्या घरांसाठी. दुसऱ्याच्या कर्तव्याची यादी करणाऱ्याने आपले कर्तव्य विसरता कामा नये. जातीचा दाखला दहावीच्या वर्षीच काढून ठेवावा. व्यावसायिक शिक्षण घ्यावयाचे असेल तर जात वैधता प्रमाणपत्रासाठी बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नये. कामासाठी परगावी जाणाऱ्या आईबापांनी उत्पन्नाचा दाखला निघण्यापूर्वीच काढून मुलाजवळ द्यावा. सर्व कागदांवर नाव एकाच रीतीने लिहिले आहे की नाही, हे पाहावे. अर्जाची प्रत व त्याचा क्रमांक जपून ठेवावा, आणि तो परत आला आहे काय हे आठवड्यातून एकदा पाहावे. एकट्या मुलीस कार्यालयात धाडण्याऐवजी दोघी-चौघींनी मिळून जावे. आणि ज्यांनी याच शिष्यवृत्तीवर शिकून नोकरी मिळविली आहे, अशा आमच्या शिक्षक, लिपिक व अधिकारी बांधवांनी रविवारी विहारात दोन तास बसून वस्तीतील मुलांचे अर्ज भरून द्यावेत. समाजाने जे त्यांस दिले त्याची परतफेड करण्याचा यापेक्षा सोपा मार्ग आम्हास दिसत नाही.

महाविद्यालयातील सेवकवर्गास व प्राध्यापकवर्गास आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या टेबलावर आलेला अर्ज हा नुसता कागद नसतो. त्याच्या मागे एका घराची पहिली पदवी उभी असते. ती पदवी आपल्या हातून निसटू नये, याची जबाबदारी आपणा दोघांची आहे; ती एकमेकांकडे ढकलू नका, वाटून घ्या.